रत्नमालाताईंच्या पायाचं माप

टिकाराम लांजेवार यांच्या गॅरेजला पाटी नाही. जवाहरनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या घराच्या तिरकस समोर, चार लोखंडी खांबांवर टिनाचं छप्पर आहे आणि त्याखाली टिकारामभाऊ असतात, तेवढं पुरतं. वय पंचावन्नच्या पुढे, मूळचे करडी गावचे. तिथे धानाच्या बांधीत बंद पडलेले ट्रॅक्टर सुरू करता करता हा धंदा हाताला लागला. इंजिनाचं दुखणं ऐकताना ते स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतात आणि मूठ कानाला. त्या वेळी कोणी बोललं की डोळे न उघडता म्हणतात, "थांबा जी, तो बोलून राहिला."

माणूस मऊ, पण एका बाबतीत ताठ. दुरुस्तीनंतरची ट्रायल ते एकटेच घ्यायचे. मालक शेजारी बसायला निघाला की म्हणायचे, "डॉक्टर आपरेशन करते तवा तुमी टेबलावर चढता का?"

मागच्या उन्हाळ्यात रत्नमाला टेंभुर्णे यांची गाडी त्यांच्याकडे आली. रत्नमालाताई आमच्या मागच्या गल्लीत राहतात आणि आसगावकडच्या एका शाळेत गणित शिकवतात. लहानपणीच्या पोलिओमुळे त्यांचा डावा पाय कामाचा नाही, आणि क्लच तर डाव्याच पायाने दाबावा लागतो. म्हणून बारा वर्षांपूर्वी त्यांनी आपोआप गिअर बदलणारी एक जुनी गाडी शोधून घेतली. त्याआधी कधी भावाची स्कूटर, कधी ओळखीतल्या कोणाची जीप. "मी पार्सल होते," त्या हसत सांगतात, "कोणी उचललं तर पोचायची."

मे महिन्यात त्या गाडीचं इंजिन गेलं. तसलं इंजिन कुठे मिळेना. शेवटी टिकारामभाऊंनी नागपूरच्या भंगार बाजारातून त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचं इंजिन आणून बसवलं. पहिल्याच चावीला ते सुरू झालं. पण गिअरबॉक्स जुनाच, आणि त्याचं या पाहुण्याशी जमेना. पहिला गिअर सुटायचाच नाही. गाडी ओरडत ओरडत चाळीसवर जायची आणि मग मागून कोणी लाथ घालावी तसा दुसरा गिअर पडायचा.

मी चहा घेऊन गेले तेव्हा टिकारामभाऊंनी मला समजावून सांगितलं. "ॲक्सिलेटरपासून एक केबल गिअरबॉक्सात जाते. पाय किती दाबला, ते त्याले ती केबल सांगते. जुन्या इंजिनावर ती बोटभर ओढली जायची, याच्यावर दोन बोटं. त्याले वाटते, बाई रेस लावून राहिल्या. म्हणून तो गिअर सोडत नाही."

"मग ढिली करा की."

"लय ढिली केली त लवकर बदलते जी, पण आतल्या प्लेटा घसरून जळतात. मंग गिअरबॉक्सही गेला."

असा गिअरबॉक्स आमच्या भागात क्वचितच येतो. टिकारामभाऊ मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांतले व्हिडिओ पाहत बसायचे. भाषा समजत नाही, पण हात समजतात, म्हणायचे. गिअर कोणत्या वेगाला बदलायला हवा ते लक्षात राहावं म्हणून त्यांनी बायकोच्या पाकिटातल्या दोन टिकल्या स्पीडच्या काचेवर चिकटवल्या. पंचविसाजवळ लाल, पंचेचाळिसाजवळ हिरवी. सत्यभामाबाई रस्त्यातूनच ओरडल्या, "मले टिकली नाही अन् गाडीले दोन!"

आठवडाभर केबलचा नट फिरवणं आणि ट्रायल घेणं चाललं. शुक्रवारी गाडी दोन्ही टिकल्यांवर बरोबर गिअर बदलू लागली. सोमवारी शाळा उघडणार होती. ताई खुशीत गाडी घेऊन गेल्या आणि तासाभरात परत आल्या.

"भाऊ, आता ओरडत नाही, पण कण्हते. नहराच्या पुलावर चढताना नुसती थरथरते. मागे ट्रक होता, मला घाम फुटला."

टिकारामभाऊ एकटे कालव्याच्या त्या पुलावर जाऊन आले. "काही नाही जी. मक्खन चालून राहिली."

शनिवारी पुन्हा तेच. ताई म्हणाल्या थरथरते, टिकारामभाऊ म्हणाले मक्खन. वर म्हणाले, "नव्या इंजिनाची सवय नाही तुमाले."

ताई गाडी तिथेच ठेवून घरी गेल्या. रविवारी सकाळी त्या आल्या आणि पर्समधून एक कागद काढला. घराजवळच्या शाळेत बदली मागणारा अर्ज होता. "तिथे गणित मिळणार नाही मला. पण रिक्षाने जाता येईल. तुम्ही म्हणता तशी गाडी ठीक असेल, भाऊ. मग मीच तिला चालवण्यासारखी राहिले नाही. पण पुन्हा पार्सल होऊन आसगावला जायची नाही."

टिकारामभाऊंनी कागद हातात घेतला नाही, हात काळे होते. नुसता वाचला. मग किल्ली ताईंपुढे धरली. "तुमी चालवा. मी बाजूले बसतो."

ताईंनी मलाही मागे बसवलं. गाडी निघाली आणि टिकारामभाऊ खाली वाकले ते वाकलेच. डोकं पार डॅशबोर्डखाली, नजर ताईंच्या पायावर.

"भाऊ, पाया पडून राहिले का माझ्या?"

"मास्तरीणबाईच्या पाया पडलो त काय झालं? पण सध्या काम चालू आहे. तुमी समोर पाहा."

पुलाचा चढ आला. गाडीने लवकरच वरचा गिअर घेतला आणि खरोखरच थरथरली. मागच्या सीटवर माझे दात वाजले. टिकारामभाऊ वर आले तेव्हा चेहरा उतरला होता.

"मी ट्रॅक्टरचा पाय ठेवतो, अख्खा. तुमी टाच खाली टेकवून नुसती बोटं दाबता, शिलाई मशीनवर दाबावं तशी. केबल हालतच नाही, त त्याले चढ समजन कसा? चूक माही आहे, ताई. गाडी तुमची अन् माप मी माह्या पायाचं घेतलं."

एवढी मोठी कबुली मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. ताईंनी गाडी गॅरेजकडे वळवली.

परत येऊन टिकारामभाऊंनी केबल जिथे अडकते त्या पट्टीला नवं भोक पाडलं, जुन्या भोकापासून थोडं वर, म्हणजे हलक्या पायालाही केबल लगेच ओढली जाईल. मग नट अर्धा फेरा फिरवायचा आणि ताईंनी आम्हा दोघांना घेऊन पुलावर जाऊन यायचं. अर्धा फेरा, पूल. पाव फेरा, पूल. चौथ्या फेरीत गाडी पुन्हा ओरडली, सहावीत थोडी कण्हली. उन्हाने सीट तापली होती. सत्यभामाबाईंनी ताकाचा तांब्या गाडीच्या खिडकीतून आत दिला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ताईले द्या आधी, तुमी काय नुसते बसूनच राहिले."

आठव्या फेरीत ताई त्यांच्या वर्गातल्या खुशबूची गोष्ट सांगत होत्या, प्रश्न न वाचताच उत्तर लिहिणारी पोरगी. पूल आला, गेला. टिकारामभाऊ एकदम म्हणाले, "बदलला का?"

"काय?"

"गिअर, जी!"

ताईंनी काचेकडे पाहिलं. काटा साठावर होता. "बदलला असेल. मला कळलंच नाही."

"मलेही नाही," टिकारामभाऊ हळूच म्हणाले.

रोजचं वळायचं ठिकाण आलं, तसंच मागे पडलं.

"ताई, वळवा नं इथून."

"आता शाळेच्या गेटाजवळच वळवते."

"बाप्पा! आसगाव? गॅरेज उघडं टाकून आलो मी. बायको शिव्या देईन."

"देऊ द्या. पुढे अजून दोन चढ आहेत, तेही पाहून घ्या."

टिकारामभाऊंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही मदत करणार होते. मग त्यांनी सीट थोडी मागे सरकवली आणि पाठ टेकली.