आत्याच्या अंगात देवी नव्हती

आत्याच्या मानेत गाठी आल्या तेव्हा मी आमच्या पावणे गावात पत्रकं वाटत हिंडत होतो; कारखान्यांनी नासवलेल्या नाल्याबद्दल, त्यांच्यासाठी गेलेल्या जमिनींबद्दल. गाठींच्या कॅन्सरला लिम्फोमा म्हणतात, हे मुंबईच्या इस्पितळात कळलं. डॉक्टरांनी बजावलं, "औषधं गाठी मारतील, पण रोगाशी लढायची ताकदही मारतील. ताप आला तर वाट बघू नका, इथे आणा."

औषधं सुरू झाल्यावर तिच्या कमरेला नागीण उठली. शेजारच्या काकीने फोडांवर गेरू फासला. मग ताप चढला. आत्या डोकं धरून ओरडू लागली, मलाच 'बाबा' म्हणू लागली, तिच्या वारलेल्या आजोबांना जेवायला वाढ म्हणाली. अंग थरथरायला लागलं.

झालं! "अंगात आलंय!" काकी ओरडली. धूप आला, हळदकुंकू आलं, आळीतल्या बाया ओटी घेऊन हजर. एक विचारतेय, "आई, माज्या पोराला कंपनीत कदी घेतील?" बाई मरतेय, आणि तिच्याकडे नोकरी मागतात!

मी धुपाटणं उचलून अंगणात भिरकावलं.

"देवीला बाटवतोस? कागदं वाटून लय शाना झालास!" काकी कडाडली.

"देवी असेल तर मुंबईलापन येईल. दारात बर्फाचा टेम्पो बोलावलाय, त्यात जागा हाय."

बाया दार अडवून उभ्या. सगळ्यांनी आतोबांकडे पाहिलं. बायको त्यांची, निर्णय त्यांचा. भिंतीला टेकलेले ते पुढे आले.

"हिच्या अंगात जन्मात कदी देवी आली नाय," ते म्हणाले. "आजारातच बरी आली? उचल तिला."

बर्फाच्या टेम्पोत घालून नेली. पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं. नागिणीचाच विषाणू मेंदूत शिरला होता. धडधाकट शरीर बहुतेक वेळा त्याला अडवतं. आत्याच्या शरीरात अडवायला काही उरलंच नव्हतं. शिरेतून औषध सुरू झालं.

आत्या वाचली. उजवा हात लुळा पडला, बोलताना शब्द अडकायला लागले. घरी आली तर त्याच बाया, त्याच ओट्या. "देवीनं राखली गं!" म्हणत काकी पाया पडायला वाकली.

आत्याने पाय ओढून घेतले. शब्द शोधताना तिचा चेहरा लाल झाला.

"पाया... नको पडू. ताप आला तर... टेम्पो बोलाव."

पुढच्या पत्रकात हेच वाक्य मी सगळ्यात वर, जाड अक्षरांत छापलं. काकीने ते माझ्यासमोर टराटरा फाडलं. मी दुसरं काढून तिच्याच दारावर खळीने चिकटवलं.