तांड्यावरच्या भाजीची पक्की पावती

औंढ्याजवळच्या तांड्यावर प्रेमदास राठोडनं ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठी वसतिगृह काढलं, तेव्हा त्याच्या बायकोनंही त्याला वेड्यात काढलं होतं. तो स्वतः उसाच्या फडावर वाढलेला, मामाकडं राहून कसाबसा दहावी झालेला. तांड्यातली लेकरं आईबापामागं ट्रकात चढू नयेत, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्यानं संस्था नोंदवली, हेलपाटे घालून सरकारी अनुदान मिळवलं. स्वयंपाकाला भिकाबाई आली. सगळा तांडा तिला याडी, म्हणजे आई म्हणायचा. तिची नात संगिता तिथंच राहून शिकू लागली. दूध-भाजी तांड्यातूनच यायची. ताजी मिळायची आणि गावी मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या हाती चार पैसे पडायचे.

मग ऑडिट लागलं. आलेले साहेब तसे सभ्य. लेकरांच्या पंगतीला जेवले, भाजी छान झालीय म्हणाले, आणि त्याच भाजीचा खर्च त्यांनी नामंजूर केला. म्हाताऱ्यांचे अंगठे असलेले कागद पावती म्हणून चालत नव्हते. सोबतच्या कारकुनानं प्रेमदासला बाजूला घेऊन समजावलं, की एखाद्या दुकानाची बिलं जोडून टाका, सगळेच जोडतात.

"जिथून घेतलंच न्हाई, तिथलं बिल कसं आणू?" प्रेमदास म्हणाला.

अनुदान थांबलं. वर वसुलीची नोटीस आली. यानं पैसे खाल्लेच असतील, अशी कुजबुज तांड्यातच सुरू झाली. त्याच तालुक्यात एका पुढाऱ्याच्या वसतिगृहाला बाराही महिने कुलूप असायचं. त्याचं ऑडिट मात्र बिनतक्रार पार पडलं. प्रेमदासनं अर्ज केला, तर तिथले कागद बरोबर आहेत, असं उत्तर मिळालं.

पैशाअभावी वसतिगृह बंद पडलं. दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक लागला. भिकाबाई नातीचं बोचकं बांधत होती.

"याडी, मी खोटं न्हाई केलं," प्रेमदास म्हणाला.

"व्हय. तुझं नाव निर्मळ राह्यलं." तिनं मान वर केली नाही. "पोरगी मातर फडावर चालली."

संगिता पुन्हा शाळेत आली नाही. प्रेमदास आता औंढ्यात दुसऱ्याची जीप चालवतो, नागनाथाला येणाऱ्या भाविकांची ने-आण करतो. आणली असती बिलं तर, असं एखाद्या दिवशी त्याच्या मनात येतं. मग त्या विचाराचाच त्याला संताप येतो, आणि मागं बसलेल्या लोकांशी तो उगाच तुसडेपणानं बोलतो.