बारशाला जेवून आलेला जज

चहा घ्या आधी. माझी फजिती काय, कुठे पळून जात नाही. आता तीच माझी ओळख झालीय. लालबागमध्ये उतरून नुसतं 'ते बॉक्सिंगवाले काका' म्हणा, कुणीही घरापर्यंत आणून सोडेल. वाटेत माझ्याबद्दल चार शब्द ऐकवेल, ते वेगळे. दमलो हो मी ऐकून ऐकून!

मूळ दोष माझ्या तोंडाचा. तरुणपणी थोडंफार बॉक्सिंग केलं, नाक मोडून घेतलं, मग पंचांची परीक्षा दिली आणि हौशी स्पर्धांत जज म्हणून बसायला लागलो. पण खरी मर्दुमकी टीव्हीसमोर! परदेशातली एखादी व्यावसायिक लढत लागली की अर्धी बिल्डिंग आमच्या हॉलमध्ये. निकाल मनाविरुद्ध गेला की मी उभा राहून ओरडायचो, "विकला गेला जज! आंधळा आहे मेला! मला बसवा तिथे, मग बघा!"

आणि एक दिवस बसवलं की हो!

परळच्या एका हॉलमध्ये व्यावसायिक लढती होत्या. तीन जजांपैकी एक ऐन वेळी आजारी पडला, आणि आयोजक दळवी माझ्या दारात. लढत कुणाची? आमच्याच मजल्यावरच्या प्रथमेशची, म्हणजे पम्याची. समोर ठाण्याचा कुणी संकेत. जिंकेल तो दिल्लीच्या मोठ्या लढतीला जाणार. पम्याने तेवढ्यासाठी चांगली नोकरी सोडली होती, आणि घरात तो नि आई, दोघंच.

"दळवी, पोरगा आमच्या शेजारचा आहे. मी नको."

"काका, लालबाग-परळमध्ये पम्याला न ओळखणारा माणूस आणू कुठून? तुम्ही प्रामाणिक आहात ना? बास!"

इथे 'नाही' म्हणायचं असतं. पण कुणी प्रामाणिक म्हटलं की माणूस विरघळतोच. बसलो.

हिशेब सोपा. फेरी जिंकेल त्याला दहा, हरेल त्याला नऊ. चार फेऱ्या. पहिली सरळ पम्याची, दुसरी सरळ संकेतची. तिसरी मात्र अटीतटीची. पम्या पुढे, पण केसभर. त्याला दहा देणार, तोच मनात आलं, लोक काय म्हणतील? याच्या आईच्या हातचे घावणे मी दर रविवारी खातो! उद्या कुणी म्हटलं की काका घावण्यांवर विकले गेले, तर? दिली तिसरी संकेतला. चौथीतही पम्याच केसभर पुढे, आणि चौथीतही मला घावणेच आठवले. तीही संकेतला!

म्हटलं, बाकीचे दोघं आहेत की. ते पम्यालाच देतील, माझ्या एकट्याने काय बिघडतंय? बिघडलं ना! एकाने पम्याला दिली, दुसऱ्याने संकेतला. मग निवेदकाने माझं नाव घेतलं, आडनावासकट, आणि माझे गुण माइकवरून अख्ख्या हॉलला वाचून दाखवले.

पम्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो, ते परवडलं असतं. हात दाखवूनही न थांबता गेलेल्या बसकडे बघावं, तसं पाहिलं. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

घरी येताना बिल्डिंगमधले सगळे पुढे, मी एकटा मागे. "विकला गेला जज," पुढून कुणीतरी म्हणालं. माझंच वाक्य! सूरसुद्धा माझाच.

तरी आत कुठेतरी समाधान होतं की निदान पक्षपात तरी केला नाही. बेल वाजवली. सुमनने, आमच्या हिने, हसत दार उघडलं. घरात शिऱ्याचा वास.

"अहो, शालूचा फोन आलेला. आनंदाने रडत होती बिचारी!"

"कोण शालू?"

"कोण शालू काय? माझी मावसबहीण! संकेतची आई! त्याच्या बारशाला जेवून आलात की तुम्ही!"

आता तुम्हीच सांगा, बारशाला पुरुषांना काम काय? बायका आत पाळण्यापाशी, आपण बाहेर खुर्चीत. पानं मांडली की उठायचं. नाव ऐकतो कोण?

"लग्नाला इतकी वर्षं झाली," पदराने डोळे पुसत ही म्हणाली, "पहिल्यांदाच माझ्या माहेरासाठी काहीतरी केलंत."

"सुमन, हात जोडतो, हे कुणाकडे बोलू नकोस."

ती नाही बोलली. सकाळी शालू स्वतःच आली, पेढे घेऊन! चाळ पाडून आमचा टॉवर झालाय, पण कान अजून चाळीचेच. मी आंघोळीला गेलेलो. बाहेर येईपर्यंत बाईने मजल्यावरचं एकेक दार वाजवलं होतं. पम्याचंसुद्धा!

"घेवा, पेढे घेवा! आमच्या भावोजींनी माझ्या झिलाक जिंकवल्यानी!"

लगेच खाली लॉबीत सभा. दळवीलाही बोलावून घेतलेलं.

"काका, सासुरवाडीसाठी आपल्याच पोराचा गेम केलात?" दुसऱ्या मजल्यावरचा बंड्या परब म्हणाला.

"अरे, तो नातेवाईक आहे हे मला माहीतच नव्हतं!"

"बारशाला जेवलात ना?" म्हणजे शालूने तेही सांगितलं होतं. "बरं, माहीत नव्हतं. मग जिंकवलंत कशाला त्याला?"

खरं तेच बोललो. काय करणार? "पम्या आपला म्हणून. लोक नावं ठेवतील म्हणून त्याच्या दोन फेऱ्या मी काढून घेतल्या."

लाच खाल्ली असती तर लोकांना समजलं तरी असतं.

शेवटी दळवीने हात वर केले. "लढत पुन्हा घेऊ. दिल्लीला कोण जाणार ते तेव्हाच ठरेल. आणि जज सगळे बाहेरगावचे!"

सुटलो, म्हटलं. तेवढ्यात मागून पम्या पुढे आला. डोळा अजून सुजलेला, हातात शालूचा पेढा.

"बाकीचे कुठलेही आणा. एक जज काकाच पाहिजेत."

"वेड लागलंय का रे तुला?" त्याची आई ओरडली.

"अगं, संकेत घरचा आहे हे आता कळलंय ना त्यांना?" पम्याने पेढा तोंडात टाकला. "मग झालं तर! घरच्या माणसाचं काका काय करतात, ते बघितलंय मी."