खिडकीबाहेर ऐकलेला मारवा

श्रीशंकराच्या चरणी मस्तक ठेवून, आणि नाद हेच ज्याचे आद्य रूप त्या परमेश्वराचे स्मरण करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त आहे माझा बालमित्र हिरालाल याच्या निधनाचे. त्याला जाऊन आता सहा आठवडे झाले. ‘श्रद्धांजली’ हा शब्द मी मुद्दाम टाळला आहे. तो शब्द वापरण्याचा अधिकार मला उरला आहे, असे मला वाटत नाही. का, ते पुढे येईलच.

सकाळची पूजा आटोपून मी निर्माल्य काढीत होतो, तेव्हा फोन वाजला. आमच्या गावच्या शिवमंदिर समितीचे अध्यक्ष बोलत होते. “पंडितजी, हिरालालभाऊ गेले जी. पहाटे छातीत दुखलं म्हणे, दवाखान्यात नेता नेताच...” मग त्यांनी विचारले, “एक विचाराचं होतं. मंदिराचं भजनमंडळ त्यांच्या घरी न्यावं म्हणून राहिले लोक. चालते का तसं? तुमचा शब्द असल्याबिगर कसं नेता येईल?” मी म्हणालो, “न्या.” त्या उत्तरासाठी मला एकही ग्रंथ उघडावा लागला नाही. फोन खाली ठेवल्यावर हातातली कोमेजलेली बेलाची पाने तशीच धरून मी किती वेळ उभा होतो, ते आठवत नाही. याच माणसाच्या बाबतीत आठ वर्षे मी ग्रंथ चाळतो आहे असे सांगत आलो होतो, एवढेच मनात येत राहिले.

गोंदियाहून बिरसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव आहे. हिरालाल पोवार घराण्यातला, चांगला धान पिकवणारा शेतकरी. पूर्वज माळव्यातून आले, हे तो पाहुण्यांना हटकून सांगे. आम्ही दोघे एका बाकावर शिकलो. पुढे मी संस्कृत पाठशाळेत गेलो, परत येऊन शाळेत शिकवू लागलो, आणि गावच्या मंदिरात धर्मविषयक काही प्रश्न निघाला की तो माझ्याकडे येऊ लागला. हिरालाल मात्र शाळेनंतर दोन हिवाळे केशोरीला मामाकडे राहिला आणि तिथे नाटकमंडळींत पेटी वाजवणाऱ्या एका वृद्ध वादकाच्या पायाशी बसला. परत आला तो बोटांत पेटी घेऊनच. पुढची पस्तीस वर्षे श्रावणातल्या प्रत्येक सोमवारी आमच्या महादेवापुढे त्याचीच पेटी वाजली. त्याच्या साथीने बेसूर माणूससुद्धा सुरात गाई, कारण गाणारा घसरला की हिरालाल पेटीचा स्वर हळूच त्याच्याखाली सरकवून देई. एकदा मी त्याला विचारले, “हे पाप नव्हे का रे, खोट्याला खरे करणे?” तो म्हणाला, “देवापुढे कोणाची इज्जत काऊन काढायची, पंडित?” ते वाक्य मी तेव्हा हसून सोडून दिले.

शेतकऱ्यांच्या सहलीबरोबर तो एकदा नाशिकला गेला आणि येताना द्राक्षाच्या वाइनच्या दोन बाटल्या घेऊन आला. आमच्या भागाला मोहाची दारू माहीत, देशी माहीत; वाइन ही वस्तू गावाने पाहिलेली नव्हती. त्या संपल्यावर तो नाशिकहून बाटल्या मागवू लागला आणि त्याने तिचा एक नेमच घालून घेतला. दर रविवारी ऊन उतरले की घरातल्या खोलीत टेप लावायची, सरबताच्या काचपेल्यावर एक फूल कोरलेले होते, त्या फुलाच्या देठापर्यंतच वाइन ओतायची, आणि गाणे संपेपर्यंत तो एक पेला पुरवायचा. दुसरा कधी नाही. कोणत्या बाटलीबरोबर कोणता राग, हे तो आठवडाभर योजीत असे आणि बाटलीवर कागदाची चिठ्ठी लावून रागाचे नाव पेन्सिलीने लिहीत असे. पांढऱ्या वाइनवर भूप, फार गोड निघालेल्या एकीवर खमाज. एका काळपट लाल बाटलीवर ‘मालकंस’ लिहिलेले मी खिडकीतून पाहिले आणि म्हणालो, “मालकंस उत्तररात्रीचा. तू तो दिवसाउजेडी ऐकणार?” त्याने ती चिठ्ठी काढली आणि बाटली परत फडताळात ठेवली. “म्हणून तर तू लागतो बाप्पा मले,” तो म्हणाला.

मला संगीताची ओढ होती; घरात मात्र ते ऐकण्याची सोय नव्हती. पण जिथे मद्य आहे त्या खोलीत मी पाऊल कसे ठेवावे? म्हणून तडजोड निघाली. तो आत बसे, मी बाहेर ओसरीवर, आणि मधली खिडकी उघडी राही. त्याच्या पत्नी यमुनावहिनी मला तांब्याभर पाणी आणून देत आणि आतबाहेर पाहून म्हणत, “दोघं दोस्त, अन् मधात गज. जेलची मुलाखत होऊन राहिली जशी.” बिरसीच्या विमानतळावरील वैमानिकांच्या शाळेची लहान विमाने घरावरून घिरट्या घालीत, विमान आले की हिरालाल टेप थांबवी आणि आवाज विरल्यावर पुन्हा तिथूनच लावी. असे जवळजवळ वीस वर्षे चालले. त्याच काळात एकदा त्याने खिडकीतून विचारले, “खरं सांग, तुह्या पोथ्यांत माह्यासारख्याले हे चालते का नाई?” मी विद्वत्तेच्या भरात सांगून टाकले की ग्रंथकारांनी मद्यामद्यांत भेद केला आहे, द्राक्षाचे वेगळे आणि पिठाचे वेगळे, आणि सर्व वर्णांना एकच नियम लावलेला नाही, तुझ्यासारख्याला द्राक्षाच्या मद्याचा दोष न मानणारेही जाणकार झाले. तो खुदकन हसला. “म्हणजे देवाची हरकत नाई. तुहीच आहे फक्त.”

त्या खिडकीबाहेरच मला मारवा समजला. त्या दिवशी त्याने फिकट लाल रंगाची एक तुरट वाइन काढली होती. गायक षड्जाच्या अवतीभवती फिरत होता आणि षड्जावर येत नव्हता. “पाय, हा सा आता देईल, मग देईल, असं वाटते, देत नाई,” हिरालाल आतून हळूच म्हणाला. “हिचंही तसंच आहे. जिभेवर गोड येऊन राहिलं असं वाटते अन् मांगं सरते. पंडित, मले वाटते, ज्याले सगळं मिळालं त्याले हा राग कळतच नसन.” मी मान हलवली, आणि मग संध्यावंदनाची वेळ झाली म्हणून उठलो. मारवा नेमका संध्येच्या वेळेचा. मी तो अर्ध्यावर सोडून घरी जाई आणि आचमन करी. त्या आचमनात माझे मन कुठे असे, हे त्या शंकरालाच ठाऊक.

आठ वर्षांपूर्वी समिती नवी निवडली गेली. नवे अध्यक्ष सभेचे निमंत्रण द्यायला एका रविवारी हिरालालकडे गेले आणि त्यांनी मेजावरची बाटली पाहिली. त्या दिवशी मी परगावी होतो, ओसरी रिकामी होती. पुढच्याच सभेत त्यांनी विषय काढला. “देवापुढे दारू पेणारा बसते, हे बरं दिसत नाई. पंडितजी, तुमी शास्त्रात काय आहे ते लिहून द्या, म्हणजे वाद नाई.” मला भेद ठाऊक होता. स्वतःच्या तोंडाने मी तो हिरालालला समजावून सांगितला होता. सभेत तो सांगितला असता, तर पुढचा प्रश्न अटळ होता: हे तुम्हाला इतके कसे माहीत, आणि तुम्ही रविवारी त्याच्या ओसरीवर कशासाठी बसता? तो प्रश्न मला नको होता. मी कागद घेतला आणि एक ओळ लिहिली. मद्यपान करणाऱ्याने देवासमोर सेवेस बसू नये. खाली सही केली. ओळ शुद्ध होती. समितीने ती मंदिराच्या फलकावर काचेमागे लावली.

दुसऱ्या दिवशी हिरालाल माझ्या घरी आला. चढ्या आवाजात बोलणे त्याच्या स्वभावात नव्हते. “पंडित, तू लिहिलं म्हणते.” मी म्हणालो, “लिहिले.” “मले जे सांगितलं होतं, ते काऊन नाई लिहिलं?” मी म्हणालो की लोकांसमोर सूक्ष्म भेद सांगता येत नाहीत, लोक त्याचा गैरअर्थ घेतात. तो म्हणाला, “खिडकीबाहेर बसणाऱ्याच्या बाबतीत काय आहे पोथीत?” मी समोरची पोथी कापडात बांधू लागलो. “जाऊ दे. मले माफी नको, का काई नको. श्रावणातला एक सोमवार बसू दे मले. एकच. ज्यानं लिहिलं त्यालेच बदलता येते.” मी म्हणालो, “ग्रंथ चाळून पाहतो.” “चाळ,” तो म्हणाला आणि निघून गेला.

त्यानंतर मी रविवारी तिकडे गेलो नाही. लाज वाटत होती, आणि त्या लाजेला मी आचार असे नाव दिले. हिरालाल आपल्या शेतीत आणि आपल्या रविवारांत राहिला. पेटी घरी वाजवी, असे ऐकू येई. मात्र दरवर्षी श्रावण जवळ आला की यमुनावहिनी बाजारात भेटत आणि विचारत, “ग्रंथ चाळून झाले का म्हणून विचारून राहिले जी ते.” मी म्हणे, “चाललेच आहे.” आठ श्रावण हेच उत्तर. मी खरोखर ग्रंथ काढीतही असे, टिपणे करी, प्रतिपक्ष मांडी. जे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते, ते सापडेपर्यंत थांबण्याचे नाटक मी स्वतःपुढे चोखपणे केले. चार पावले चालून जाऊन ती ओळ खोडायला एक सकाळ पुरली असती. गेल्या श्रावणात वहिनींनी विचारले, तेव्हा त्यांचा सूर वेगळा होता. “आता त्यायची बोटंही आखडून राहिली पंडितजी. पुढच्या साली वाजवता येईल का नाई, काय माहीत.” मी म्हणालो, “या वर्षी होईल बहुधा.” श्रावण गेला. पुढचा श्रावण त्याच्या वाट्याला आला नाही.

तेरवीनंतरच्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. वहिनी दारात आल्या. मी ओसरीवर टेकू लागलो, तशा त्या म्हणाल्या, “आता आत या ना. आता कायचं भेव? बाटली तं संपली.” मी पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल ठेवले. साधी खोली. एक खुर्ची, मेजावर टेप, फडताळात धुऊन ठेवलेल्या रिकाम्या बाटल्या, आणि त्यांवर त्याच्या अक्षरातल्या रागांच्या चिठ्ठ्या. कोपऱ्यात पेटी, कापडाखाली. मी काहीतरी सांत्वनाचे बोलू पाहत होतो. वहिनींनी ते ऐकले नाही. ओसरीकडे पाहत त्या म्हणाल्या, “आठ वर्षं दर इतवारी सतरंजी टाकत होते तिथं, खिडकीपाशी. मी म्हणायची, कायले टाकता, येत तं नाई ते. म्हणायचे, टाकू दे, पंडिताचे गुडघे दुखते, आला तं खाली फरशीवर बसन का?” मग त्या म्हणाल्या, “रागावले असते तं बरं झालं असतं. मी होती रागावलेली. अजून आहे.” मी म्हणालो, “असायलाच हवे, वहिनी.” त्यांनी मला पाणी दिले.

त्याच आठवड्यात मी समितीपुढे गेलो. माझी ओळ अपुरी होती, आणि ती अपुरी आहे हे लिहिताना मला ठाऊक होते. हिरालालला सेवेतून दूर ठेवण्याचे कोणतेही कारण नव्हते. मी वीस वर्षे त्याच्या ओसरीवर बसून गाणे ऐकले आहे. हे सर्व मी लिहून नेले होते आणि उभे राहून वाचले. कोणी चिडले नाही, की कोणाला धक्काही बसला नाही. अध्यक्ष म्हणाले, “तुमी ओसरीवर बसत होते, हे तं साऱ्या गावाले माहीत होतं जी. आम्हाले वाटलं, तुमालेच तो नको असन, म्हणून तुमी लिहिलं.” मग सौम्यपणे म्हणाले, “आता लावायचा कागद तं लावून देतो. पण आता कायले पंडितजी, माणूस तं गेला.”

बाहेर गाभाऱ्यापुढे आरती सुरू झाली. महादेवाच्या डाव्या हाताला, खांबापाशी, जिथे पस्तीस श्रावण हिरालालचे आसन असे, तिथे समितीने विजेवर चालणारे यंत्र बसवले आहे. कळ दाबली की मोटार फिरते, दांडके नगाऱ्यावर आपटते, घंटा आणि झांज आपापल्या ठोक्याने वाजतात. त्या खणखणाटात गाणाऱ्यांचा स्वर पार घसरला होता, आणि तो सावरून घेणारे खाली काहीच नव्हते. आरती संपल्यावर मी अध्यक्षांना हात जोडून विनंती केली की निदान त्या जागेवरून हे यंत्र हलवावे, श्रावणातले सोमवार तरी ते बंद ठेवावे. त्यांनी माझ्याकडे खऱ्याच अडचणीत सापडलेल्या माणसासारखे पाहिले आणि विचारले, “मंग वाजवन कोण जी?”

वाचकहो, तो उमाकांत तुमच्या घरात अन्न, आरोग्य आणि सूर अखंड ठेवो. तुमच्या उंबरठ्याच्या आत आणि बाहेर बसणाऱ्या सर्वांना एकमेकांचे प्रेम जिवंतपणी कळो. आणि तुमच्या हातून कोणावर अन्यायाची ओळ लिहिली गेली असेल, तर ती खोडण्यास आजची सकाळ तुम्हाला लाभो. तुमच्या मुलाबाळांसह तुमचे कल्याण होवो.