मोटारीचा पोळा

अख्ख्या झाडीपट्टीत माझ्या साळ्याइतका खुळा माणूस आजवर झाला नाही आणि पुढे होईल असं वाटत नाही. मोटार चालवणारे मी पाहिले, मोटारीत बसून मिशा पिळणारेही पाहिले. पण मोटारीची चाकरी करणारा माणूस एकच पाहिला, तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ. ती त्याला दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणतो. त्याच दादानं परवा सडक अर्जुनीहून आमच्या केशोरीला माणसाबरोबर निरोप धाडला, "पोळा जवळ आला. बाईचं जुनं लुगडं धाडा, तेल गाळाचं आहे." बायको जाऊन वर्ष झालं नाही. तिचं एकच जुनं लुगडं माझ्या पेटीत उरलं होतं, मोरपंखी, लाल काठाचं. निरोप ऐकला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाला मी म्हटलं, "जा, सांग त्याले, मेलेल्या बहिणीचं लुगडं मोटारीच्या तेलात बुडवाचं नसते." माणूस गेला. मग मी पेटीवर बसून राहिलो आणि हे सगळं आठवत गेलं.

मोटार कशी आली ते आधी सांगतो. जंगलखात्याचा एक गोरा साहेब विलायतेला परत चालला होता. त्याची जुनी, कापडी टपाची गाडी कोणी घेईना. दादानं घेतली. घरात धानाची शेती, थोडा तांदळाचा व्यापार, गाडीचं कोणाला काही कळत नाही. साहेबाच्या खानसाम्यानं जाता जाता दादाला एकच मंत्र दिला, "सेठ, इसको साफ तेल, साफ पानी, साफ हवा दो, ये कभी नहीं रुकेगी." दुसऱ्या माणसानं तो ऐकून सोडून दिला असता. दादानं तो जन्मभर जपला. त्या दिवसापासून त्याच्या घरात गाळल्याशिवाय काही मोटारीच्या पोटात गेलं नाही. डब्यातलं पेट्रोल हरणाच्या मऊ कातड्यातून गाळायचा. रेडिएटरात विहिरीचं पाणी चालायचं नाही, त्यानं आत चुना बसतो म्हणे. पावसाचं पाणी रांजणात धरून, तेही दुहेरी कापडातून गाळून. घरी पाहुणा आला तर त्याला विहिरीचं पाणी, आणि मोटारीला रांजणातलं. एकदा मी रांजणात पेला बुडवला तर असा ओरडला, जसा मी देव्हाऱ्यात पाय ठेवला. "जवाई, तुमाले तहान लागली तर विहीर आहे. तिले कोण आहे?"

तेलाचं तर विचारूच नका. सकाळी उठला की बॉनेट उघडायचं, तेलात काडी बुडवायची, एक थेंब अंगठ्यावर घ्यायचा आणि डोळे मिटून चोळायचा. वैद्य नाडी पाहतो तसा. "आज जरा पातळ वाटते," म्हणायचा आणि दिवसभर तोंड पाडून बसायचा. त्याची बायको म्हणायची, "मले ताप आला तं कधी हात नाई लावला कपाळाले." मोटारीच्या अंगावर ग्रीसच्या छोट्या डब्या होत्या. त्यांची टोपणं रोज अर्धा फेरा पिळावी लागत. ती पिळताना तो मोजायचा, आणि मधेच कोणी बोललं की पहिल्यापासून सुरू.

हवासुद्धा गाळायचा हा माणूस. उन्हाळ्यात आमच्या सडकेवर मुरमाची लाल धूळ उठते. इंजिन जिथून श्वास घेतं त्या तोंडावर तो तेलात भिजवलेला फडका बांधायचा आणि दोन-दोन कोसांवर थांबून झटकायचा. एका लग्नात नवरदेवासाठी त्याची मोटार मागून नेली. वाटेत चार वेळा थांबला. मांडवात पोचेपर्यंत नवरदेवाचा फेटा धुळीनं विटकरीसारखा लाल आणि भटजी घंगाळातली घटिका पाहून कपाळावर हात मारत उभा. मुलीचा बाप अंगावर धावून आला. दादा शांतपणे फडका झटकत म्हणाला, "नवरदेवाच्या नाकात धूळ गेली तर तो शिंकते जी. इंजिनाच्या नाकात गेली तर ते शिंकत नाई, मरते." त्यानंतर लग्नाला त्याची मोटार कोणी मागितली नाही. त्याला बरंच वाटलं.

आता लुगड्याकडे येतो. गाळायला कापड कोणतं घ्यावं यावर त्यानं वर्षभर डोकं खपवलं. नवं कापड धागे सोडतं. धोतर जाड पडतं. शेवटी त्याला शोध लागला, की शंभर वेळा धुतलेल्या लुगड्याइतकं मऊ गाळणं जगात नाही, आणि त्यातही धुणारीचा हात पाहिजे. त्याची बायको कपडे आपटायची, त्यानं कापड विरतं. माझी बायको चोळून धुवायची. झालं, ठरलं. भाऊबीजेला प्रत्येक भाऊ बहिणीला लुगडं देतो. हा एकटा असा, की नवं द्यायचा आणि जुनं घेऊन जायचा. ओवाळून झालं की थेट परसात, वळणीपाशी. एकेक लुगडं बोटांत चुरगाळून पाहायचा. "हे अजून कडक आहे बाई. आणखी सा महिने नेस." ती हातातलं निरांजन घेऊन तशीच मागे यायची. "दादा, मी तुझी बहीण आहो का तुझ्या मोटारीची धोबीण?" तो म्हणायचा, "दोनी." ती रागानं आत जायची आणि मग मीच पाहायचो, ती ठरवून ठेवलेलं लुगडं घडी करून, वर सुपारी ठेवून त्याला द्यायची.

तेल बदलायचा त्याचा दिवस एकच, पोळा. आदल्या दिवशी आपण बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतो आणि आवतन देतो, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. दादा बैलांचं झालं की पळसाचं पान घेऊन मोटारीकडे जायचा, चारही चाकांच्या आसांना तूप लावायचा आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणायचा, "आज आवतन घे, उद्या उपासाले ये." कारण बैलाचा पोळा जेवणाचा, मोटारीचा उपासाचा. खालचा बुच काढून सगळं तेल परातीत उतरवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, पोळ्याच्या दिवशी ती रिकाम्या पोटी आराम करणार, आणि दुसऱ्या दिवशी वरचं तेल गाळून, कमी पडेल तेवढं नवं घालून भरायचं. पोळ्याला बैल जुपत नाहीत, तशी मोटारही जुपायची नाही. हा त्याचा नेम. त्यावर त्यानं तालुक्याच्या अंमलदारालाही परत पाठवलं होतं.

आमच्या पहिल्या बाळंतपणाला बायको माहेरी, सडक अर्जुनीला गेली होती. दिवस भरत आले म्हणून घरचा पोळा भावावर टाकून मीही तिकडे गेलो. पोळ्याच्या सकाळी तिला कळा सुरू झाल्या. दुपारी सुईण बाहेर आली, हात पुसत. "मूल आडवं आहे. माह्या हातचं काम नाई. गोंदियाले डॉक्टरीणबाईकडे न्या, नाई तर दोनी जाते."

मी गावात धावलो. सगळे बैल तोरणाखाली उभे, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. ज्याला विचारलं तो खाली पाहायचा. आज जू? आज? आणि बैलगाडीनं गोंदिया गाठायला दुसरा दिवस उजाडला असता. परत आलो तर दादा अंगणात मोटारीसमोर उभा. तिचं पोट रिकामं. बुच एका वाटीत. ग्रीसची टोपणं घासलेटात. चारी प्लग पाटावर मांडलेले, वर कुंकू.

मी म्हटलं, "दादा, आता तुमचा नेम काढू नका."

तो मोटारीला हात जोडून म्हणाला, "माय, आज तुले जुपतो. पाप माह्या माथी." आणि बाह्या सरसावून खाली शिरला.

प्लग बसले, बुच बसला. मी परात उचलून तेल सरळ ओतायला निघालो. त्यानं माझं मनगट धरलं. "गाळल्याशिवाय नाई."

"अरे, बहीण मरून राहिली तुझी!" मी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

"म्हणूनच. हा गाळ आत गेला तर गोरेगावच्या पुढं जंगलात बंद पडते. मंग तुमी ओढाल काय?"

कापड शोधतो तर जुना फडका घासलेटानं भिजलेला. तेवढ्यात आतून तिचा आवाज आला, कळेच्या मधला, "दादा, पेटीतलं पिवळं लुगडं ने! मऊ झालं आहे!" असा तो भाऊ, अशी ती बहीण. लुगडं आलं. दोन टोकं मी धरली, दोन त्याच्या बायकोनं. तो ओतू लागला. तुपाची धार धरावी अशी बारीक. मी टोकं ओढत होतो. मी बोंबललो, "लवकर ओता ना जी! सारं ओता!" तो म्हणाला, "हालू नका." त्या वेळी माझे हात मोकळे असते तर मी त्याला तिथंच बदडलं असतं, हे खरं सांगतो.

निघालो. मागे ती सुईणीच्या मांडीवर डोकं ठेवून, मी तिचे पाय धरून. कोहमाऱ्याहून वळलो. पावसानं सडकेचा चिखल झालेला, मोटार घसरत, गुरगुरत जात राहिली. गोरेगावजवळ रेडिएटरातून वाफ आली. दादा थांबला, नाल्याचं पाणी डबा भरून आणलं आणि धोतराचा सोगा डब्याच्या तोंडावर धरून गाळू लागला. मी कपाळाला हात लावला. तेव्हा मागून ती, घामानं चिंब, दात आवळलेले, तरी म्हणाली, "दादा, मी मरतानाही मले गाळूनच पाणी पाजशील काय?"

"हाव," तो म्हणाला. "गप पड."

सुईण हसली. मीही हसलो, आणि हसताना मला रडू आलं. मोटार पुन्हा सुरू झाली आणि गोंदियापर्यंत एकदाही बंद पडली नाही. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाली, घटकाभर उशीर झाला असता तर मूलही नाही आणि बाईही नाही. मी दादाला सांगायला बाहेर धावलो. तो मोटारीला ओल्या फडक्यानं पुसत होता. ऐकलं, बॉनेटवर डोकं टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग म्हणाला, "उद्या हिचा पोळा. उद्या हिले कोणी हात लावाचा नाई." दुसरा अख्खा दिवस मोटार दवाखान्यासमोर उभी राहिली. परात घरी राहिलेली, बुच काढता येईना, म्हणून उपास माफ केला आणि कुठूनशी पुरणपोळी आणून बॉनेटवर ठेवली. कावळ्यांनी ती खाल्ली, तेव्हा त्याचं समाधान झालं.

मग वर्षं गेली. लढाई आली, पेट्रोल कुपनावर गेलं, मोटार आंब्याखाली उभी राहिली ती आजतागायत. तरी दर पोळ्याला तेल उतरतं, गाळलं जातं, परत भरलं जातं. तेच तेल. शेजारी विचारतो, "चालतच नाई तर तेल कायले बदलता जी?" दादा म्हणतो, "बैल म्हातारा झाला तर तुमी त्याचा पोळा बंद करता काय?"

गेल्या वर्षी माझी बायको गेली. शेवटच्या दिवशी दादा सायकलीवर केशोरीला आला. ती बोलत नव्हती. सगळे एकेक चमचा पाणी तिच्या तोंडात घालत होते. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं तांब्याच्या तोंडावर स्वच्छ धोतराचा सोगा धरला आणि पाणी गाळलं. कोणाला काही कळलं नाही. ती मात्र हसली. ते मी पाहिलं. माहेरचं म्हणून नवं हिरवं लुगडं त्यानंच आणलं होतं, ते नेसून ती गेली.

पेटीवर बसल्या बसल्या हे इथवर आठवलं आणि माझ्या ध्यानात आलं. त्यानं नवं दिलं होतं. जुनं न्यायचं राहिलं होतं. इतक्या वर्षांत त्यानं एकदाही जुनं न नेता नवं दिलं नव्हतं, आणि तिनं एकदाही त्याला रिकामं पाठवलं नव्हतं. मी कोण मोडणारा?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी लुगडं घेऊन सडक अर्जुनीला गेलो. तेलाची परात तशीच झाकलेली होती. त्यानं लुगडं हातात घेतलं, बोटांत चुरगाळलं, नेहमीसारखं. "किती धुतलं तिनं," म्हणाला. दरवर्षी तो काठ धरून टरकन फाडायचा. या वेळी फाडलं नाही. अख्ख्याचीच चौघडी केली. दोन टोकं मला दिली, दोन आपल्या बायकोला, आणि परात उचलली. आता त्याला ती जड जाते. मोरपंखी रंगात मधोमध एक काळा ठिपका पडला आणि हळूहळू पसरत गेला. खाली डब्यात तेल मधासारखं उतरत होतं.

"जवाई," तो मान वर न करता म्हणाला, "हात दुखत असल तर सांगा. लवकर ओततो."

मी म्हटलं, "हळू ओता, दादा. आता काई घाई नाई."