रबराचा तिसरा तुकडा

आंध्र आणि तेलंगण वेगळे झाले तेव्हा हैदराबादच्या आमच्या खात्यानं खुर्च्या वाटल्या, कपाटं वाटली आणि पुरात माणसं काढायच्या बोटीही वाटल्या. मी त्या बोटींच्या मोटरींचा मेकॅनिक. घर नल्लकुंट्यात, घरात मराठी, बाहेर दख्खनी, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. 'त्यांना', म्हणजे आंध्रवाल्यांना, चांगलं काही द्यायचं नाही, हे आम्ही सगळ्यांनी न बोलताच ठरवलं होतं. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा ते बरोबरच वाटायचं.

त्यांच्या वाट्याची एक मोटर फुल स्पीडला तापायची. हळू चालवा, काही नाही. पळवली की दहा मिनिटांत भट्टी! खोलली, तर इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या रबरी पंख्याची तीन पाती तुटलेली. नवा पंखा बसवला, ते सोपं असतं. पण तुटलेलं रबर पाण्याबरोबर वर जाऊन वाटेत अडकतं, म्हणून जितकी पाती तुटली तितके तुकडे हातात आलेच पाहिजेत. मला दोन सापडले. तिसऱ्यासाठी अख्खं इंजिन उघडावं लागलं असतं. बाहेर ट्रक उभा, साहेब ओरडतोय, "छोडो मियाँ, अब उनका सिरदर्द है!" मी पाण्याच्या पिंपात मोटर हळू चालवून बघितली. धार छान पडली. हळू चालवल्यावर छानच पडणार, हे काय मला ठाऊक नव्हतं? तरी 'ठीक' लिहून सही ठोकली. मरू दे तिकडे, म्हटलं.

कोण कुठल्या राज्यात जाणार, ती माणसांची यादी नंतर लागली. माझ्याबरोबर बारा वर्षं बोट चालवणारा, मला अण्णा म्हणणारा एक तेलुगू ड्रायव्हर होता. माझ्या धाकट्या भावासारखा. त्याचं नाव तिकडच्या यादीत निघालं. नदीकाठच्या ठाण्यावर, नेमकी ती मोटर बसवलेल्या बोटीवर.

सिकंदराबाद स्टेशनवर त्याला आणि त्याच्या बायकोला पोचवायला गेलो, ते सांगायचं ठरवूनच. पण काय सांगणार? तुझ्या लोकांना जाणूनबुजून खराब मोटर दिली म्हणून? जीभ रेटेना.

"ती मोटर फार पळवू नकोस हं," एवढंच म्हणालो.

"का, अण्णा?"

"जुनी झालीय रे."

"जुने तर तुम्हीपण झालात!" म्हणत तो हसला आणि डब्यात चढला.

पुढे त्याचे फोन यायचे. आज सांगू, उद्या सांगू करत मी राहिलो.

दुसऱ्या पावसाळ्यात तिकडे पूर आला. भर प्रवाहात मोटर जाम झाली, बोट उलटली. तो तिसऱ्या दिवशी सापडला.

मी गेलो. त्याची बायको कोरड्या डोळ्यांनी सांगत होती, "तुम्ही बोललात म्हणून ते कधी पळवायचे नाहीत. साहेब कामचोर म्हणायचा, तरी नाही. त्या दिवशी एक बाई लेकराला घेऊन झाडावर अडकली होती. तेवढ्यासाठी पळवली."

मग मी तिला सगळं सांगितलं. तुकडा, पिंप, सही, सगळं. माफी मागायला तोंड नव्हतं, तरी मागितली.

ती म्हणाली, "सिकंदराबादला त्या दिवशी गाडी लेट होती, अण्णा. तासभर आपण बोलत बसलो होतो."