सोलेवाले सर

आमचे सर प्रबंध वाचत नसत, ऐकत. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने लिहिलेलं प्रकरण घेऊन त्यांच्या महाल भागातल्या घरी जायचं आणि समोर बसून मोठ्याने वाचायचं. सर मांडीवर परात घेऊन शेंगा सोलत ऐकायचे. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा, ज्यांच्या ओल्या दाण्यांना आमच्याकडे सोले म्हणतात, एरवी लसूण. अर्थशास्त्र विभागात त्यांचं नावच ‘सोलेवाले सर’ पडलं होतं. काकूंच्या मते, विद्यापीठाचा त्यांच्या स्वयंपाकघराला झालेला हा एकमेव उपयोग.

हात चालू असेपर्यंत तुमचं ठीक चाललेलं असे. तो थांबला की वाचणाऱ्यानेही थांबायचं. मग सर विचारायचे, “काहून?” म्हणजे ‘का?’, तेवढंच. या एका प्रश्नापायी माझं दुसरं प्रकरण तीनदा लिहून झालं.

“सर, तुम्ही घरी ठेवून निवांत वाचा ना,” मी एकदा वैतागून म्हटलं.

“डोळे वाक्यावरून घसरून जातात वं. कान अडकतात.”

इतर मार्गदर्शकांच्या दारावरची पदव्यांची पाटी दारापेक्षा थोडीच लहान असे. त्यांचे विद्यार्थी त्यांची बॅग उचलत, चर्चासत्रात हारतुऱ्यांचं बघत, मौखिक परीक्षेच्या दिवशी परीक्षकांच्या जेवणातल्या पनीरचं बघत, आणि उरलेल्या वेळात संशोधन करत. आमच्या सरांना एकाने शाल दिली, तेव्हा ती खुर्चीच्या पाठीवर टाकून त्यांनी विचारलं होतं, “बरं, संदर्भसूची कुठं आहे?”

माझा विषय काटोलकडच्या संत्र्यांचा होता. फळं झाडावर असतानाच अख्खी बाग व्यापाऱ्याला देणारे शेतकरी तोट्यात राहतात आणि स्वतः माल बाजारात नेणारे फायद्यात, असं सगळेच लिहीत आले होते. मीही तेच सिद्ध करायला निघाले होते. पण तोडणी, भाडं, सडलेला माल हे सगळं वजा केलं, तर मी पाहिलेल्या बागांत फरक जवळजवळ उरतच नव्हता.

प्रबंध मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीच्या अध्यक्षांना हे रुचलं नाही. “समाजात योग्य संदेश जायला हवा,” ते म्हणाले. “निष्कर्ष तेवढा बदला. पुढच्या बैठकीत मंजूर करू.” माझ्या नोंदणीची मुदत संपत आली होती. ती हुकली असती तर सगळं पहिल्यापासून.

मी सरांकडे गेले. परात मांडीवर होतीच.

“काय करून राहिली मग?”

“सर, मुदत संपून राहिली.”

“मुदत मले माहीत आहे. बागांचं सांग.”

“बागांचं लिहिलं तेच आहे.”

“मग निष्कर्ष काहून बदलवतं? बदलवाचाच असंल तर पहिले बागा बदलव.” पुढची शेंग उचलत म्हणाले, “त्यायले लेखी उत्तर देऊ नको. वाचून दाखव.”

बैठकीत मी अख्खं शेवटचं प्रकरण वाचलं. अध्यक्ष घड्याळाकडे बघत होते. सर कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून बसले होते. हातात शेंग नव्हती, पण अंगठा तर्जनीवर सरकत होता. मी त्या अंगठ्याच्या भरवशावर वाचत गेले. शेवटच्या पानावर ‘यावरून निर्विवादपणे सिद्ध होते की’ असं आलं आणि अंगठा थांबला.

मीही थांबले. त्या शब्दांकडे पाहिलं. थोड्याशा बागा पाहून मी अख्ख्या विदर्भाचा निकाल लावला होता, तोही अध्यक्षांच्याच आवाजात. पेन काढून मी ते खोडलं आणि पुन्हा वाचलं, “मी पाहिलेल्या बागांपुरते असे दिसले की.” अंगठा सुरू झाला.

अध्यक्ष म्हणाले, “अहो, मग हे आधीच असं सांगायचं ना!” आणि सही केली. निष्कर्ष तोच होता.

बाहेर आल्यावर मी अध्यक्षांबद्दल काहीतरी बोलले. सर म्हणाले, “वाईट नाही तो. त्याले कोणी वाचून दाखवत नाही, एवढंच.”

गेल्या वर्षी सर आणि काकू मुलाकडे पुण्याला गेले. तिथे सोललेले दाणे पाकिटात मिळतात, ही त्यांची त्या शहराबद्दलची मुख्य तक्रार. म्हणून कुणी जाणारं भेटलं की मी इथून तुरीच्या शेंगा पाठवते.

आता मीही मार्गदर्शक आहे. माझी विद्यार्थिनी मिहान या औद्योगिक प्रकल्पातल्या रोजगारावर लिहिते आहे. परवा मी तिला प्रकरण वाचायला बसवलं आणि मधे सरांना लावलेला फोन ठेवला. तिकडून टकटक शेंगा फुटण्याचा आवाज येत होता. ती जोरात वाचत होती, मोठमोठे शब्द येत होते, आणि शेंगांचा आवाज बंद पडला.

तिने फोनकडे बघितलं. “मॅडम, नेटवर्क गेलं काय?”

“नेटवर्क आहे,” मी म्हटलं. “तू शेवटचं वाक्य परत वाच.”